विसाव्यानंतरचा पहिला दिवस

बैलाच्या मानेवर जूं कांचून सूज आली म्हणजे शेतकरी काय करितो, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. तो जूं काढितो, हळद-तेल लावितो, आणि दुखणें उतरेपर्यंत बैलाला दावणीला उभा ठेवितो. त्या दिवसांत कोणी शेजारी येऊन, 'तुझा बैल आळशी झाला,' असें त्याला म्हणत नाहीं. सूज उतरल्यावरही तो पहिल्याच दिवशीं त्याला जड नांगराला जुंपीत नाहीं. सकाळच्या गारव्यांत, हलक्या कामाला, सवयीच्या जोडीदाराबरोबर थोडा वेळ चालवितो, आणि जूं पुन्हां कांचत तर नाहीं ना, हें मानेवर हात फिरवून पाहतो. आतां ट्रॅक्टर पुष्कळ झाले. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी करणाऱ्या आमच्या लोकांत हें शहाणपण पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. मग मनुष्याचें मन असेंच सुजतें, तेव्हां हें शहाणपण कोठें जातें?

हा प्रश्न आम्ही सहज विचारीत नाहीं. चिंतेनें व ताणानें थकून ज्यानें कांहीं काळ काम सोडलें, तो परत कामावर येतो तेव्हां तो कोणाचें काय देणें लागतो, आणि त्याचें देणें कोण लागतो, हा मोठा नैतिक प्रश्न आहे. आमच्या खेड्यांतून त्याचें उत्तर बहुधा विचार न करितांच दिलें जातें, आणि तें चुकीचें असतें. चुकीचें उत्तर देणाऱ्यांत आम्हीही होतों. तें पुढें सांगूं.

प्रथम ह्या दुखण्याविषयीं दोन शब्द. चिंता सर्वांसच असते. पाऊस लांबला कीं शेतकऱ्याला, परीक्षा आली कीं मुलाला, आणि भाव पडला कीं नारायणगांवच्या बाजारीं टोमॅटो घेऊन गेलेल्या माणसाला ती असते. कारण गेलें कीं तीही जाते. पण कधीं कधीं कारण गेलें तरी ती जात नाहीं. रात्रीं दोनला डोळे उघडतात ते मिटत नाहींत. छातींत धडधडतें, श्वास अपुरा वाटतो, हातांना कंप सुटतो, पोट बिघडतें, आणि साध्या कागदावर सही करावयाची म्हटली तरी मन मागें सरतें. असें आठवडेच्या आठवडे चाललें म्हणजे त्याला स्वभाव म्हणून सोडून देतां येत नाहीं. तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील बारा राज्यांत पाहणी केली. आपलें राज्य त्या बारांत नव्हतें. तरी तिच्यांत जें आढळलें तें आपणांसही विचार करावयास लावील. प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें १०.६ जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि निरनिराळ्या आजारांत शेंकडा ७० ते ९२ रोग्यांस उपचार मिळालेलाच नव्हता. आमच्याकडील प्रमाण कांहींसें निराळें असेल. पण शंभर माणसांच्या मंडळींत असा एकही नाहीं, असें कोणत्याही पाळकानें अथवा उपदेशकानें समजूं नये.

आतां आमची गोष्ट. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस, घाटाच्या अंगाला असलेल्या एका खेड्यांत आमच्या मंडळींतील एक शिक्षक होते. शाळा पहिली ते चौथीपर्यंतची, शिक्षक दोनच. एकेकानें दोन-दोन वर्ग एका खोलींत बसवून शिकवावयाचे, दुपारच्या आहाराचा हिशेब ठेवावयाचा, नाना प्रकारची माहिती मोबाइलवरून भरावयाची, आणि निवडणुकीचें काम आलें म्हणजे तेंही करावयाचें. त्यांतच घरीं वडिलांचें दीर्घ दुखणें. एके सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं त्यांनीं दुचाकी थांबविली आणि त्यांस आंत जाववेना. घाम फुटला, पाय लटपटूं लागले. ते तसेच मागें फिरले. डॉक्टरांनीं तपासलें, औषध दिलें, विश्रांति सांगितली, आणि ते सात आठवडे रजेवर राहिले.

त्या सात आठवड्यांत गांवांत काय काय बोललें गेलें! कोणी म्हणाले, तालुक्याच्या गांवीं बदली हवी म्हणून हें सोंग आहे. कोणी म्हणाले, बाहेरचें कांहीं लागलें असेल. आमच्या मंडळींतीलच कांहीं जण हळूच म्हणाले कीं विश्वास कमी पडला.

पण सर्वांत मोठी चूक आमच्या हातून झाली. ते रुजू झाले त्या आठवड्याच्या रविवारीं आम्हीं भर उपासनेंत त्यांचें नांव घेऊन, ते पूर्ण बरे झाले म्हणून आभार मानिले. नंतर दाराशीं त्यांचा हात हातांत घेऊन म्हटलें, "गुरुजी, आतां पुन्हां असें होऊं देऊं नका." आमचा हेतु चांगला होता, चांगल्या हेतूनें केलेल्या चुका समजावयास वेळ लागतो. त्यानंतर पांच रविवार ते दिसले नाहींत. शेवटीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. चहा झाल्यावर ते खालीं पाहत म्हणाले, "पाळकसाहेब, मी बरा झालों नव्हतों. मी फक्त रुजू झालों होतों. तुम्हीं सर्वांसमोर मला बरा म्हणून सांगितलें. उद्यां पुन्हां छातींत धडधडलें तर मी तुम्हांलाही खोटें पाडणार आणि देवालाही, एवढें ओझें घेऊन मी घरीं आलों. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं."

रुजू होणें आणि बरें होणें ह्या दोन गोष्टी आहेत, हें आम्हांस चाळीशी उलटल्यावर एका शिक्षकानें शिकविलें.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारूं कीं एलीयाचा विश्वास कमी होता काय? पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत तो रानांत रतामाच्या झुडुपाखालीं पडून मरण मागतो. तेथें त्याला कोणी दटावीत नाहीं. त्याला झोंपूं देण्यांत येतें, उठवून भाकर व पाणी देण्यांत येतें, आणि पुन्हां झोंपूं देण्यांत येतें. पुढें त्याला काम सांगितलें जातें तेंही एकट्यानें करावयाचें नसतें; अलीशा त्याच्या सोबतीला मिळतो. आधीं अन्न व झोंप, मग काम, आणि कामांत सोबती, असा तो क्रम आहे. आम्ही मात्र उपदेशापासून आरंभ करितों, आणि पुष्कळदां उपदेशावरच थांबतों.

दुसरें उदाहरण लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन ह्यांचें. १९ ऑक्टोबर १८५६ रोजीं सरे गार्डन्स येथील मोठ्या सभागृहांत ते उपदेश करीत असतां कोणीं तरी आग लागल्याची खोटी ओरड केली. चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसें मेलीं. स्पर्जन त्या वेळीं अवघे बावीस वर्षांचे होते. ह्या आघातानें ते असे खचले कीं कांहीं दिवस त्यांस उपदेश करणें अशक्य झालें. सुमारें दोन आठवड्यांनीं ते परत आले, आणि त्यांनीं पुढें तीस वर्षांहून अधिक काळ काम केलें. परंतु ती छाया त्यांच्यावरून कायमची गेली नाहीं. औदासीन्य पुन्हां पुन्हां येई. शरीरव्याधींनींही ते गांजले होते. उत्तर आयुष्यांत ते हिवाळ्यांत फ्रान्समधील मेंतों ह्या गांवीं विश्रांतीस जात, आणि तेथेंच १८९२ सालीं वारले. ज्यांचा उपदेश ऐकावयास हजारों लोक जमत, ते स्वतः पूर्ण बरे होण्याची वाट पाहत बसले असते तर त्यांचें काम झालें नसतें. आणि विश्रांतीवांचून रेटीत राहिले असते तरीही झालें नसतें. काम व विसावा हे एकमेकांचे शत्रु नाहींत, हें त्यांच्या आयुष्यावरून दिसतें.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. कारण ती दडवून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. त्या शाळेंत दुसऱ्या शिक्षिका होत्या. सात आठवडे चारही वर्ग त्या एकट्यांनीं सांभाळले. सर्व दप्तर त्यांच्यावर पडलें. स्वतःच्या मुलाला ताप आला तरी त्यांस एक दिवस घरीं राहतां आलें नाहीं. गुरुजी परत आले तेव्हां पहिले कांहीं दिवस त्या त्यांच्याशीं कामापुरतेंच बोलत. गुरुजींस वाटलें, बाई रागावल्या आहेत; आणि त्या खरोखरच रागावल्या होत्या. एके दिवशीं मुलें घरीं गेल्यावर गुरुजी म्हणाले, "बाई, माझ्यामुळें तुम्हांला फार त्रास झाला. मला माफ करा." बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही आजारी पडलांत ह्याचा मला राग नाहीं. सात आठवड्यांत 'बाई, तुमचें कसें चाललें आहे?' असें मला एकाही माणसानें विचारलें नाहीं, ह्याचा राग आहे."

वाचकहो, ह्या उत्तरांत आमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा आहे. बाईंचा राग खरा होता. पण तो गुरुजींचा अपराध नव्हता. दोन माणसांच्या शाळेंत एक माणूस आजारी पडणार, हें कोणालाही कळण्यासारखें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. त्यांतला एक अंथरुणाला खिळला तर काय करावयाचें, ह्याची तजवीज आधींच करणें हें वरच्यांचें काम, आणि ती होत नसेल तर निदान चौकशी करणें हें गांवकऱ्यांचें व आमचें काम. तें कोणींच केलें नाहीं. मग जो सर्वांत दुबळा होता त्याच्याच डोक्यावर सर्वांच्या हयगयीचें पाप ठेविलें गेलें, आणि त्यानेंही तें मुकाट्यानें उचललें.

क्षमा अपराधाची मागावयाची असते, आणि आजार हा अपराध नव्हे. आभार उपकाराचे मानावयाचे असतात, आणि बाईंनीं उपकार निश्चित केला होता. म्हणून गुरुजी बाईंचे आभार देणें लागत होते. क्षमायाचना देणें लागत नव्हते. हा शब्दांचा खेळ नाहीं. जो क्षमा मागत कामावर येतो, तो मान खालीं घालून येतो. आपण रजेचें कर्ज काढिलें आहे व तें दुप्पट श्रमानें फेडावयाचें आहे, असें त्याला वाटतें. तो पहिल्याच दिवसापासून इतरांहून अधिक काम अंगावर घेतो, लवकर येतो, उशीरां जातो, आणि दोन महिन्यांत पुन्हां फाटकापाशीं उभा राहतो. पुढच्या खेपेस तो आपलें दुखणें लपवितो, कारण दुखणें सांगितल्याचें कर्ज किती होतें हें त्याला कळलेलें असतें. जो आभार मानीत येतो, त्याची मान ताठ असते, आणि दुसऱ्याच्या श्रमाकडे त्याचें लक्ष असतें. गुरुजींनीं मग बाईंचे आभार मानिले. आणि त्यानंतर दोघांनीं बसून कामाची नवी वांटणी केली. पहिले तीन आठवडे गुरुजींनीं पहिली-दुसरीचेच वर्ग घ्यावे, आहाराचा हिशेब आळीपाळीनें ठेवावा, मोबाइलवरील माहिती आठवड्यांतून ठराविक दोन दिवशींच भरावी, आणि बाईंनीं दर आठवड्यास एक दिवस वेळेवर घरीं जावें. गोष्ट एवढीशी, पण तिनें दोघांचेंही जूं सैल झालें.

अशी वांटणी कां करावी, ह्यालाही कारण आहे. सरकारी नोकरांच्या १९८१ च्या रजानियमांप्रमाणें आजारपणाच्या रजेवरून येणाऱ्यास योग्यतेचा दाखला आणावा लागतो. नियम योग्यच आहे. पण दाखल्याच्या कागदावर मनुष्य एक तर आजारी असतो, नाहीं तर कामास योग्य असतो. मधली पायरी तेथें लिहिलेली नसते. शरीराला व मनाला मात्र ती मधली पायरी लागते. भयाचा स्वभाव असा कीं ज्या जागेस आपण टाळितों, ती जागा मनांत दिवसेंदिवस मोठी होत जाते. फाटक जितके दिवस टाळावें तितकें तें उंच होतें. म्हणून बरें वाटूं लागल्यावर अनंत काळ घरीं बसणें हिताचें नसतें. उलट, एकदम सर्व भार घेतला तर पहिल्याच धक्क्यास भय खरें ठरतें व दुप्पट होतें. थोडें, ठरवून, रोज, आणि सोबतीनें, असें पाऊल टाकिलें म्हणजे भय हळूहळू उतरतें. जागतिक आरोग्य संघटनेनें सप्टेंबर २०२२ मध्यें कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांतही हेंच आहे: उपचार चालू ठेवावे आणि कामांतही योग्य तो बदल करावा, व दोन्ही गोष्टींची सांगड घालावी. उदासीनता व चिंता ह्यांमुळें जगांत दर वर्षीं सुमारें १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असा त्या संघटनेचा व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे आमचे गुरुजी एकटे नव्हते. सर्व पृथ्वीवर असे लोक फाटकापाशीं उभे आहेत.

देशाचा कायदाही आतां ह्याच दिशेनें पाहतो. २०१७ सालीं झालेला व २०१८ सालीं अमलांत आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो कीं मनाच्या रोग्याला उपचारांत शरीराच्या रोग्याच्या बरोबरीनेंच वागविलें पाहिजे. १७ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्रीय राखीव पोलीस दलांतील एका अधिकाऱ्याच्या खटल्यांत निकाल दिला. त्या अधिकाऱ्यास मानसिक आजार होता, आणि त्याच्या वर्तनाबद्दल त्याच्यावर खात्याची कारवाई चालली होती. न्यायालयानें ती रद्द केली. आणि पूर्वीच्या कामास तो योग्य नसल्यास त्याला दुसरें काम द्यावें, पण पगार व सेवेच्या अटी राखाव्या, असें ठरविलें. बंदूक चालविणाऱ्या दलांत जर हें करितां येतें, तर दोन वर्गांच्या शाळेंत कां करितां येऊं नये?

परंतु येथें आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. ते म्हणतील, "ही पगारदारांची गोष्ट झाली. रजा त्यांना. आम्ही एक दिवस बसलों तर त्या दिवशींची चूल कोण पेटवील?" मजुराला रजा नसते. आणि शेतकऱ्याची अडचण आणखी एका प्रकारें कठीण असते. कारण पुष्कळदां त्याच्या कामाची जागा व भयाची जागा एकच असते. जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर हे तालुके मिळून जो जुन्नर वनविभाग होतो, तेथें उसाच्या फडांतून बिबट्या वावरतो. माणिकडोह येथें पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्रच आहे. ज्यानें असा हल्ला डोळ्यांनीं पाहिला, आणि पाळीची वीज रात्रीं येते म्हणून ज्याला रात्रींच पाणी भरावयास जावें लागतें, त्याला 'भिऊं नकोस' म्हणून काय उपयोग? त्याचें भय खुळें नाहीं. त्याच्याबरोबर दुसऱ्या माणसानें बॅटरी घेऊन गेलें पाहिजे, आणि वीज दिवसां मिळाली पाहिजे. शेतीला दिवसां वीज मिळावी ह्या हेतूनें राज्यांत २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आहे. ती जेथें पोंचते तेथें ती केवळ पिकाची सोय नसते; माणसाच्या झोंपेचीही सोय असते.

माळीणचें स्मरण तर आपणां सर्वांस आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील हें गांव डोंगर कोसळून गाडलें गेलें आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. एस.टी.चा चालक नेहमींच्या फेरीस आला, तों त्याला गांवच दिसेना. दिवस भाताच्या आवणीचे होते. जे वांचले त्यांना पोटासाठीं पुन्हां पावसांत, डोंगराच्या कुशींतल्या खाचरांत उतरणें भाग होतें. त्यांना कोणीं रजा दिली नव्हती आणि रुजू होण्याची तारीखही दिली नव्हती. २ एप्रिल २०१७ रोजीं आमडे येथें वसविलेलें नवें माळीण लोकांच्या स्वाधीन झालें. आणि त्याच वर्षीं जूनच्या पहिल्या मोठ्या पावसांत तेथील रस्ते व भराव खचले, तेव्हां लोकांचा पुन्हां थरकांप झाला. त्यांना भित्रे कोण म्हणेल? ह्यावरून आम्ही एक धडा घेतों. परत आलेल्या माणसाला पुन्हां भय वाटलें, तर आधीं त्याच्या मनाकडे बोट दाखवूं नये. त्याच्या पायांखालची जमीन पाहावी. पुष्कळदां भराव खरोखरच खचलेला असतो. ज्या ओझ्यानें मनुष्य पडला तेंच ओझें तसेंच्या तसें ठेवून त्याला परत बोलाविणें, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पाडणें होय.

मग ज्याला रजा नाहीं, त्याला विसावा कोणी द्यावा? ह्याचें उत्तर आमच्याच डोंगरांत आहे. आंबेगांव-जुन्नरच्या पश्चिम भागांतील महादेव कोळी लोकांत पडकई नांवाची जुनी चाल आहे. उतारावर भातखाचर पाडावयाचें तर तें एका घराच्या आवांक्यांत नसतें. म्हणून अनेक घरचीं माणसें मिळून आज एकाच्या, उद्यां दुसऱ्याच्या रानांत राबतात. आवणीला सावड असते तीही अशीच. पैशाची मजुरी नाहीं. श्रमाची फेड श्रमानें, ज्याची पाळी येईल त्याच्या रानांत. आमच्या मंडळ्यांनीं ही सावड मनाच्या दुखण्यालाही लावावी, एवढेंच आमचें मागणें आहे. ज्याच्या घरीं असें दुखणें आहे, त्याची चार दिवसांची खुरपणी चौघांनीं वांटून घ्यावी. त्याच्या गुरांना वैरण टाकावी. त्याच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर जेवूं घालावें. आणि तो परत रानांत येईल त्या दिवशीं त्याच्या शेजारच्या ओळींत आपण उभें राहावें.

आतां कांहीं साध्या गोष्टी सांगून पुरें करितों. परत येणाऱ्यास आमचें सांगणें असें: औषध चालू असेल तर काम सुरू झालें म्हणून तें आपल्या मनानें सोडूं नका, डॉक्टरांस विचारा. झोंपेची वेळ मोडूं नका. सर्वांस सर्व सांगण्याचें बंधन तुमच्यावर नाहीं. पण एका विश्वासू माणसास खरें सांगा, आणि दिवस वाईट गेला तर तो लपवूं नका. वाईट दिवस आला म्हणजे सर्व फुकट गेलें असें नव्हे. पावसाळ्यांत उघडीपही येते आणि पुन्हां सरही येते. जीव नकोसा वाटूं लागला तर क्षणभरही एकटे राहूं नका. ताबडतोब कोणास तरी हांक मारा. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नांवाची दूरध्वनि-सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसां-रात्रीं केव्हांही फुकट बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें. उपदेशकांनीं हा क्रमांक आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आणि आपण जे मागें राहिलों होतों, त्यांच्यासाठीं: 'बरे झालांत ना?' असें विचारूं नका, कारण त्याला 'होय' एवढेंच उत्तर देतां येतें. 'आज काय हलकें करूं?' असें विचारा. भर सभेंत त्याचें नांव घेऊं नका. त्याच्या मागें ज्यानें भार वाहिला, त्याच्या घरीं आधीं जा आणि त्याचीही विचारपूस करा.

प्रेषितांच्या कृत्यांत योहान मार्क नांवाचा एक तरुण आहे. पंफुलियापर्यंत येऊन तो काम सोडून यरुशलेमास परतला. कां परतला, हें तेथें लिहिलेलें नाहीं. पुढच्या फेरीस त्याला बरोबर घ्यावें कीं नाहीं ह्यावरून पौल व बर्णबा ह्यांत तीव्र मतभेद झाला. पौल नको म्हणाला, बर्णबानें त्याला आपल्याबरोबर नेलें. पुष्कळ वर्षांनीं तुरुंगांतून पत्र लिहितांना पौल त्याच मार्काला आपल्याकडे घेऊन येण्यास सांगतो, कारण तो सेवेस उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय काय घडलें तें आपणांस ठाऊक नाहीं. पण बर्णबानें तो हात धरिला नसता तर पौलाला हें पत्र लिहितां आलें असतें काय? प्रत्येक मंडळींत असा मार्क आहे. बर्णबा आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

आमचे गुरुजी आतांही शिकवितात. मधून मधून त्यांस वाईट दिवस येतो. त्या दिवशीं ते बाईंना सकाळींच सांगतात, आणि बाई दोन तास चारही वर्ग घेतात. बाईंच्या घरीं आजारपण असलें म्हणजे गुरुजी घेतात. पूर्वीं ह्याला आम्ही उसनें काढणें म्हटलें असतें. आतां आम्ही त्याला सावड म्हणतों. आणि सावडींत कोणी कोणाची क्षमा मागत नाहीं. प्रत्येक जण फक्त आपली पाळी लक्षांत ठेवितो.